मुदत

मशीनने घेतली ती दोन बोटं.
डाव्या हाताची, करंगळी आणि तिच्या शेजारचं.
बांगड्यांचा हंगाम, जानेवारी, पहाटेची पाळी,
किलीबेग्जच्या धक्क्यावर बोटीला बोट लागलेली,
आणि पात्यावरचं मोडकं झाकण आठवडाभर दोरीने बांधलेलं.
दोरी कुणी बांधायला लावली, सगळ्यांना ठाऊक होतं.
माझी केस म्हणजे ती दोरी.

फिंटन हेराटीने ती पाकिटात घालून ठेवून घेतली.
म्हणाला, डिम्फ्ना, तू आता घोर लावून घेऊ नकोस.
माझ्या वडिलांचं मृत्युपत्र त्यानेच केलेलं,
शवपेटीला खांदाही दिलेला.
फी विचारली तर म्हणाला, नंतर बघू.

नंतर.
दोन वर्षं असतात म्हणे अशा दाव्याला,
वर एक दिवससुद्धा नाही.
त्याने तारीख लिहून ठेवली होती, खोटं कशाला बोलू,
पेंडीच्या दुकानाने फुकट दिलेल्या कॅलेंडरवर,
डिसेंबरच्या पानाखाली, समासात:
डि. मॅ., ९ जाने.
नाताळ झाला. भिंतीवर नवं कॅलेंडर आलं.
जुनं त्याच्या बायकोने चूल पेटवायला घेतलं.

तो कोर्टात गेला तेरा तारखेला.
बैल गेला नि झोपा केला.
मला कळलं ऑगस्टमध्ये. तोवर फोन केला की
त्याची कारकून म्हणायची, अशा गोष्टींना वेळ लागतो हो.

गावात आणखी वकील तीन.
एक त्याचा मेहुणा, एक त्याच्याबरोबर गोल्फ खेळणारा.
तिसरीने चहा दिला, दार लावून घेतलं,
आणि डब्लिनचा एक पत्ता लिहून देताना
म्हणाली, मी दिला म्हणून सांगू नकोस.

डब्लिनची बाई तरुण. सोर्खा. नखं कुरतडलेली.
म्हणाली, बोटांचा दावा मेला.
आता दावा, त्या मेलेल्या दाव्याचा.
जी केस कधी उभीच राहिली नाही
ती इथे उभी करायची आणि विचारायचं,
राहिली असती, तर जिंकली असती का?

म्हणजे मी पुन्हा त्या पाळीला जायचं.
पुन्हा हात घालायचा.
आणि झाकणाला दोरी हवी,
तर फिंटनच्या कपाटातलं पाकीट रिकामं निघालं.

त्याच्या विमा कंपनीचा माणूस सभ्य होता, पडसं झालेलं.
त्याने विचारलं, बाईंनी त्या दिवशी घाई केली नव्हती कशावरून?
अगदी हेच कारखाना विचारणार होता.
ज्याने माझ्या बाजूने बोलायचं
तो आता कारखान्याच्या तोंडाने बोलत होता,
आणि तो स्वतः खोलीत नव्हताच.

घासाघीस होत होत आकडा साठ टक्क्यांवर टेकला.
जिंकण्याची शक्यता, साठ.
परतीच्या बसमध्ये मी हिशेब केला:
दोन बोटांचे साठ टक्के म्हणजे एक बोट,
आणि दुसऱ्याचं नखापर्यंतचं टोक.
अंगठी सापडली होती, तिसऱ्या दिवशी, बर्फाच्या ढिगात.
उजव्या हातात घालते. सैल होते.

रविवारी तो माझ्या पुढच्याच बाकावर असतो.
एकमेकांना शांती द्या, असं फादर म्हणतात
तेव्हा वळतो, हात पुढे करतो.
मी डावा देते.
तो धरतो, कागद धरावा तसा, कडेने.
परवा त्याच्या तळव्याला घाम होता
आणि क्षणभर मला त्याची दया आली.
ती हिशेबात धरू नये.

बसची तिकिटं मात्र धरतात म्हणे.
जपून ठेवलीत, बिस्किटांच्या डब्यात,
अकरा जायची, दहा यायची.
एक हरवलं.